म्युटेशन पाहून एचआयव्हीचं औषध लागू पडेल की नाही, हे कितपत सांगता येतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: रुग्णाच्या विषाणूचे प्रोटिएज आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (औषधं ज्यांना अडवतात ती दोन एन्झाइमं) या दोन जनुकांचे सिक्वेन्स, उपचार बदलण्याआधीचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) आणि सीडी४ (रोगप्रतिकारक पेशींची संख्या) एवढं हातात आहे. नवीन औषधं सुरू केल्यावर व्हायरल लोड उतरेल की नाही, हे म्युटेशनवरून सांगणारं मॉडेल कसं बांधायचं आणि त्यावर किती भिस्त ठेवायची?

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सापडलेलं म्युटेशन हा पुरावा आहे; न सापडलेलं म्युटेशन हा औषध लागू पडण्याचा पुरावा नाही. सिक्वेन्सवरून ‘हे औषध चालणार नाही’ असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. ‘हे औषध चालेल’ असं म्हणताना सिक्वेन्सचा वाटा खूप कमी असतो. बहुतेक मॉडेलं फसतात ती या दोन वाक्यांना सारखंच वजन दिल्यामुळे.

हा असमतोल विषाणूच्या स्वभावातूनच येतो. एचआयव्हीचा जीनोम सुमारे ९,७०० बेसचा. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नक्कल करताना केलेली चूक तपासत नाही, त्यामुळे सरासरी दर तीन नव्या जीनोमांमागे एक बदल होतो. उपचार न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात दररोज सुमारे १० अब्ज विषाणूकण तयार होतात आणि लाखो नव्या पेशी बाधित होतात. एका बेसचे शक्य बदल मात्र सगळे मिळून २९,०००च्या आसपासच. म्हणजे एकाच बेसच्या बदलाने औषध निकामी होत असेल, तर तो बदल औषधाची पहिली गोळी घेण्याआधीच कुठल्या तरी कणात होऊन गेलेला असतो. औषध तो घडवत नाही, फक्त निवडून वर आणतं.

म्हणूनच औषध किती लवकर हातचं जाईल हे दोन गोष्टींवर ठरतं: किती बेस बदलावे लागतात आणि त्या बदलाने विषाणू स्वतः किती दुबळा होतो. के१०३एनसाठी, म्हणजे १०३व्या जागी ‘के’ हे अमिनो आम्ल जाऊन ‘एन’ येण्यासाठी, एएए या कोडॉनचा (एक अमिनो आम्ल ठरवणाऱ्या तीन बेसच्या गटाचा) फक्त शेवटचा बेस बदलून एएसी किंवा एएटी व्हावा लागतो, आणि विषाणूला त्याची झळ जवळपास लागत नाही. म्हणून एफाव्हिरेन्झ आणि नेव्हिरापीन ही नॉन-न्यूक्लिओसाइड गटातली औषधं पटकन हातची जातात. टी२१५वायसाठी एसीसीचं टीएसी व्हावं लागतं, एकदम दोन बेस. झिडोव्हुडीन एकटं दिलं तरी प्रतिरोध चढायला महिने लागतात, ते यामुळे. लॅमिव्हुडीन एकटं दिलं तर काही आठवड्यांतच एम१८४व्ही दिसू लागतं.

आता सिक्वेन्सकडे. मॉडेलची गुणवत्ता इथेच ठरते आणि नेमकं इथेच कमी लक्ष दिलं जातं. नमुना रुग्ण ते अपयशी ठरणारं औषध घेत असतानाच घ्यायला हवा, किंवा बंद केल्यापासून फार तर ४ आठवड्यांत. औषध थांबलं की मूळचा, अधिक तगडा विषाणू पुन्हा वरचढ होतो आणि एम१८४व्हीसारखं म्युटेशन काही आठवड्यांत ते महिन्यांत सिक्वेन्समधून दिसेनासं होतं. ते गेलेलं नसतं. सुप्त पेशींच्या साठ्यात असतं आणि लॅमिव्हुडीन पुन्हा सुरू केलं की परत येतं. नेहमीच्या चाचणीसाठी व्हायरल लोड मिलीलीटरमागे १,००० प्रतींच्या वर असावा. ५०० ते १,००० दरम्यानही प्रयत्न करता येतो, पण पीसीआर (जनुकाच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) फसण्याचं प्रमाण वाढतं.

सँगर या नेहमीच्या पद्धतीत सगळ्या विषाणूंचा एकत्र सिक्वेन्स वाचला जातो; तिथे एखादा प्रकार एकूण विषाणूंच्या १५ ते २० टक्के असेल तरच शिखर म्हणून दिसतो. नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंगने १ ते ५ टक्क्यांपर्यंत जाता येतं, पण इथे एक हिशेब हमखास चुकतो. समजा व्हायरल लोड ६०० आहे आणि अर्धा मिलीलीटर प्लाझ्मा वापरला. म्हणजे सुरुवातीला ३०० आरएनए रेणू. निष्कर्षण, आरएनएचा डीएनए करणं आणि पीसीआरचा पहिला टप्पा यात गळती होऊन जेमतेम ३० रेणू पुढे गेले, तर त्यांच्याच प्रतींवरून १०,००० रीड (वाचलेले तुकडे) मिळाल्या तरी माहिती ३० विषाणूंचीच आहे. अशा नमुन्यात ‘१ टक्का के१०३एन’ दिसलं तर ती बहुधा पीसीआरची चूक आहे. प्रत्येक मूळ रेणूला स्वतंत्र ओळखखूण जोडणारी पद्धत नसेल, तर व्हायरल लोडनुसार टक्केवारीची मर्यादा वर न्या. दुसऱ्या बाजूने, कमी प्रमाणातली म्युटेशन्स निरुपद्रवी समजणंही चूक आहे. एफाव्हिरेन्झ किंवा नेव्हिरापीनच्या पहिल्याच उपचाराआधी त्या गटाची अल्पसंख्य म्युटेशन्स असतील, तर अपयशाचा धोका दुपटीहून जास्त होतो.

मिश्रण कसं वाचायचं याचं एक उदाहरण जवळून पाहू. १८४व्या जागी मूळ कोडॉन एटीजी, म्हणजे मेथिओनिन. जीटीजी झालं तर व्हॅलिन, एटीए झालं तर आयसोल्यूसिन. सँगरच्या आलेखात पहिल्या बेसवर ए आणि जी अशी दोन्ही शिखरं असतील, तर सॉफ्टवेअर तिथे ‘आर’ लिहितं आणि कोडॉन आरटीजी होतो. याचा अर्थ दोन्ही विषाणू आहेत. बरेच जण इथे मोठं शिखर धरून धाकटं टाकून देतात, किंवा असा कोडॉन ‘अज्ञात’ म्हणून वगळतात. दोन्ही घातक आहे, कारण औषधाच्या दाबाखाली ३० टक्के व्हॅलिन असलेला विषाणू काही आठवड्यांत पूर्ण व्हॅलिनचा होतो. मिश्रणाला ‘म्युटेशन आहे’ असंच मोजा. पहिला आणि तिसरा दोन्ही बेस ‘आर’ असतील, तर मात्र एटीजी, एटीए, जीटीजी, जीटीए असे चार कोडॉन शक्य असतात आणि त्यातले प्रत्यक्षात कोणते आहेत हे सँगर सांगू शकत नाही. अशा वेळी एम, आय आणि व्ही तिन्ही नोंदवा, पण मिश्रणाचा वेगळा स्तंभ ठेवा. दोन म्युटेशन्स एकाच विषाणूवर आहेत की वेगवेगळ्या, हेही सँगरवरून कळत नाही.

सिक्वेन्स संदर्भ जीनोम एचएक्सबी२शी कोडॉन धरून जुळवा. नुसते बेस जुळवले तर ६९व्या जागी दोन अमिनो आम्लं घुसलेली असताना जागांचे क्रमांक सरकू शकतात आणि पुढची ‘म्युटेशन्स’ खोटी निघतात. मग तीन तपासण्या कराव्याच लागतात. मध्येच स्टॉप कोडॉन आहे का? एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन रुग्णांच्या सिक्वेन्समधलं अंतर अर्ध्या टक्क्याहून कमी आहे का? असेल तर दूषितीकरणाचा संशय घ्या आणि ते दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच ताटलीत चालवले होते का ते पाहा. आणि तिसरी, नमुना पेशींमधल्या डीएनएचा असेल तर जीचे ए होण्याचं प्रमाण. मानवी पेशीतली एपोबेक प्रथिनं विषाणूच्या जीनोममध्ये ठिकठिकाणी जीचा ए करून टाकतात. १८४च्या एटीजीनंतर लगेच जीएटी येतो, त्यामुळे तिथे एम१८४आय आयतंच तयार होतं. ई१३८के, जी१९०ई, एम२३०आय यांचंही तसंच. ही म्युटेशन्स ट्रिप्टोफॅनच्या जागी आलेल्या स्टॉप कोडॉनसोबत दिसली, तर तो मेलेला, नक्कल न करणारा विषाणू आहे. त्यावरून औषध बाद ठरवू नका.

यानंतर मुद्दा येतो म्युटेशनचा अर्थ लावण्याचा. प्रोटिएजची ९९ आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजची पहिली २४० ते ४०० अमिनो आम्लं सरळ मॉडेलमध्ये ओतली, तर शेकडो स्तंभांत खरा संकेत हरवतो. निदान औषधांच्या गटांची यंत्रणा माहीत असायला हवी.

न्यूक्लिओसाइड गटाला (लॅमिव्हुडीन, झिडोव्हुडीन, टेनोफोव्हिर वगैरे) विषाणू दोन रीतींनी चुकवतो. पहिल्या रीतीत एन्झाइम औषध आत घेतच नाही. एम१८४व्ही आणि के६५आर ही त्याची उदाहरणं. दुसऱ्या रीतीत आत घेतलेलं औषध डीएनएच्या वाढत्या साखळीच्या टोकावरून उपटून काढतो. एम४१एल, डी६७एन, के७०आर, एल२१०डब्ल्यू, टी२१५वाय किंवा एफ, के२१९क्यू किंवा ई ही सहा जागांची मालिका त्यासाठी आहे आणि ती साधारणपणे दोन वाटांनी जमते: एकीकडे ४१, २१०, २१५, दुसरीकडे ६७, ७०, २१९. टेनोफोव्हिरला पहिली वाट जास्त नडते. खरी खुबी पुढे आहे. एम१८४व्ही लॅमिव्हुडीन आणि एमट्रिसिटाबीन जवळजवळ निकामी करतं, पण टेनोफोव्हिर आणि झिडोव्हुडीनला विषाणू अधिक संवेदनशील करतं. के६५आर टेनोफोव्हिरला मारतं, झिडोव्हुडीनला मदत करतं. म्युटेशनची नुसती संख्या मोजणारं मॉडेल इथे उलट्या दिशेने चुकतं.

नॉन-न्यूक्लिओसाइड गटात ‘गटाला प्रतिरोध’ असा एकच स्तंभ ठेवू नका. के१०३एन एफाव्हिरेन्झ आणि नेव्हिरापीन घालवतं, पण एकटं असेल तर एट्राव्हिरिन, रिल्पिव्हिरिन आणि डोराव्हिरिन यांना हात लावत नाही. वाय१८१सी नेव्हिरापीन, रिल्पिव्हिरिन आणि एट्राव्हिरिनला नडतं. अंदाज औषधागणिकच हवा.

उपप्रकाराचाही (एचआयव्हीच्या बी, सी अशा शाखांचाही) इथे संबंध येतो. १०६व्या जागी बी उपप्रकारात बहुधा जीटीए असतो आणि सी उपप्रकारात जीटीजी. मेथिओनिनचा कोडॉन एटीजी. म्हणजे सी उपप्रकारात व्ही१०६एम एका बेसवर आहे, बीमध्ये दोन. के६५आरदेखील सीमध्ये सहज निवडलं जातं. बी उपप्रकारावर शिकवलेलं मॉडेल सीवर जसंच्या तसं चालवू नका. आणि प्रोटिएजमधले एम३६आयसारखे बदल अनेक उपप्रकारांत मुळातच असतात. डेटात एका उपप्रकाराचे रुग्ण वेगळ्या दवाखान्यांतून, वेगळ्या औषधांवर आले असतील, तर मॉडेल अशा निरुपद्रवी बदलाला अपयशाचं कारण समजून बसतं.

प्रोटिएज इनहिबिटरवर (लोपिनाव्हिर, दारुनाव्हिर यांसारख्या प्रोटिएज अडवणाऱ्या औषधांवर) अपयश आलेल्या पुष्कळ रुग्णांत प्रोटिएज जनुक स्वच्छ निघतं. इंटिग्रेज या तिसऱ्या एन्झाइमला अडवणाऱ्या गटासाठी तर तुमच्या डेटात जनुकच नाही. डोलुटेग्राव्हिरबद्दल बोलायचं तर इंटिग्रेजची २८८ अमिनो आम्लं वेगळी वाचावी लागतात: एन१५५एच, आर२६३के, जी११८आर, आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे क्यू१४८एच, जोडीला जी१४०एस किंवा ई१३८के. राल्टेग्राव्हिरवर अपयश येऊन अशी म्युटेशन्स असलेल्या रुग्णाला डोलुटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात ते यामुळेच, आणि १४८च्या जोडीला आणखी म्युटेशन्स जमली असतील तर तेही कमी पडू शकतं.

या ज्ञानाचे तयार नियमसंच आहेत. स्टॅनफर्डचा एचआयव्हीडीबी, फ्रान्सचा एएनआरएस, बेल्जियमचा रेगा हे जास्त वापरले जाणारे. स्टॅनफर्डच्या पद्धतीत प्रत्येक म्युटेशनला औषधागणिक गुण असतात आणि बेरीज करायची: १०च्या खाली संवेदनशील, १० ते १४ संभाव्य अल्प, १५ ते २९ अल्प, ३० ते ५९ मध्यम, ६० आणि पुढे उच्च प्रतिरोध. एकट्या एम१८४व्हीचे लॅमिव्हुडीनला ६०, अबाकाव्हिरला १५, टेनोफोव्हिर आणि झिडोव्हुडीनला उणे १०. गुण आवृत्तीनुसार बदलतात, म्हणून निकालासोबत आवृत्ती क्रमांक जपून ठेवा. पाच वर्षांचे सिक्वेन्स वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या अहवालांतून गोळा करू नका. मूळ सिक्वेन्स एकाच आवृत्तीतून पुन्हा चालवा. मग रुग्णाच्या नव्या औषधांपैकी पूर्ण लागू पडणाऱ्याला १, अर्धवटला ०.५ आणि बाद झालेल्याला ० देऊन बेरीज केली की जीनोटाइपिक संवेदनशीलता गुण मिळतो. कोणतंही मशीन लर्निंग मॉडेल आधी या एका आकड्यापेक्षा सरस ठरलं पाहिजे.

प्रयोगशाळेतल्या फेनोटाइपचा (विषाणू औषधासोबत वाढवून मोजलेल्या प्रतिरोधाचा) डेटा मिळाला, तर ‘किती पट प्रतिरोध’ हे आकडे औषधाऔषधांत ताडून पाहू नका. एम१८४व्हीने लॅमिव्हुडीनला १०० पटींहून जास्त प्रतिरोध येतो. टेनोफोव्हिरचा परिणाम १.४ पटींपासूनच घसरू लागतो, दारुनाव्हिरचा मात्र १० पटींच्या पुढे. ५ पट हा आकडा एका औषधासाठी वाईट आणि दुसऱ्यासाठी क्षुल्लक.

आता मॉडेल. ‘प्रतिसाद’ म्हणजे काय हे आधी ठरवा. ८ आठवड्यांनी व्हायरल लोड ५०च्या खाली, ही व्याख्या एकटी घेतली तर ५ लाखांवरून सुरुवात करणारा रुग्ण औषध उत्तम चालत असूनही नापास होऊ शकतो. म्हणून ‘५०च्या खाली किंवा १०० पटींनी घट’ अशी जोड व्याख्या घ्या किंवा २४ आठवड्यांचं मोजमाप वापरा. मोजण्याचा दिवस प्रत्येकाचा वेगळा असतो. आठवा आठवडा म्हणून चौथ्यापासून बाराव्यापर्यंतचं मोजमाप धरत असाल, तर तो दिवसही मॉडेलला द्या.

डेटाची विभागणी रुग्णाप्रमाणे करा, सिक्वेन्सप्रमाणे नको. एकाच रुग्णाचे दोन सिक्वेन्स प्रशिक्षण आणि चाचणी अशा दोन्हीकडे गेले की मॉडेल रुग्ण ओळखायला शिकतं आणि अचूकता भरमसाठ दिसते. शेवटची चाचणी प्रशिक्षणानंतरच्या काळातल्या किंवा दुसऱ्या केंद्रातल्या रुग्णांवर घ्या. आजच्या उपचारपद्धतींवर ९० टक्के रुग्णांचा व्हायरल लोड उतरत असेल, तर सगळ्यांना ‘उतरेल’ म्हणणारं मॉडेलही ९० टक्के अचूक असतं. तेव्हा अचूकतेऐवजी एयूसी (दोन गट वेगळे ओळखण्याची क्षमता; ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे बिनचूक) आणि अंदाजित शक्यतांची सत्यता तपासा. युरेसिस्टसारख्या (युरोपातल्या एचआयव्ही उपचारांच्या डेटाच्या) मोठ्या प्रकल्पांतही एयूसी ०.७५ ते ०.८०च्या आसपास राहिला आहे. तुमचा ०.९५ आला तर आनंद मानण्याआधी चाचणीतली माहिती प्रशिक्षणात गळली आहे का ते शोधा.

अल्गोरिदमवर फार वेळ घालवू नका. एल१ दंड (बिनकामाचे गुणांक शून्यावर आणणारा) लावलेलं लॉजिस्टिक रिग्रेशन आणि ग्रेडियंट बूस्टिंग (एकमेकांच्या चुका सुधारणारे लहान निर्णयवृक्ष) दोन्ही चालवून पाहा. फरक बहुधा किरकोळ निघतो. पण ४१एल, २१०डब्ल्यू आणि २१५वाय एकत्र येत असल्याने त्यांचे गुणांक आपसात वाटले जातात. एकट्या गुणांकावरून ‘२१०डब्ल्यू निरुपद्रवी आहे’ असा निष्कर्ष काढू नका. मोजक्याच रुग्णांत दिसणाऱ्या म्युटेशनला स्वतंत्र स्तंभ देण्यापेक्षा नियमसंचातले गुण वापरा. आणि रुग्णाचा फक्त शेवटचा सिक्वेन्स न घेता आजवरच्या सगळ्या सिक्वेन्समधल्या म्युटेशन्सची एकत्र यादी करा. जुना सिक्वेन्स नसेल तर औषधांचा इतिहास त्याची थोडी जागा भरतो: पूर्वी लॅमिव्हुडीनवर वाढता व्हायरल लोड नोंदलेला असेल, तर एम१८४व्ही साठ्यात आहे असंच धरा.

सगळ्यात अवघड अडचण निरीक्षणांच्या डेटाचीच आहे. डॉक्टर जीनोटाइप पाहून औषध निवडतात. ज्याला खूप म्युटेशन्स, त्याला सगळ्यात दमदार औषधं आणि सगळ्यात जास्त पाठपुरावा. मॉडेलला मग म्युटेशन हितकारक वाटू लागतं. रुग्णांना औषधं चिठ्ठीने नेमून दिलेल्या चाचण्यांतही असं दिसलं आहे. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या अर्नेस्ट चाचणीत दुसऱ्या टप्प्यावर लोपिनाव्हिरसोबत दिलेली न्यूक्लिओसाइड औषधं जीनोटाइपनुसार बाद होती, अशा रुग्णांचा प्रतिसाद उलट चांगला होता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या नाडिया चाचणीत एकही न्यूक्लिओसाइड औषध लागू पडणार नाही असा अंदाज असलेल्या रुग्णांतही डोलुटेग्राव्हिरसोबत ९० टक्क्यांहून अधिक जणांचा व्हायरल लोड ४००च्या खाली गेला. एक कारण असं की प्रतिरोधी विषाणू दुबळा असतो. दुसरं आणि मोठं कारण असं की म्युटेशन असणं म्हणजे हा माणूस औषध घेत होता. औषधाचा दाबच नसेल, तर निवड कशाची होणार? एफाव्हिरेन्झवर असताना व्हायरल लोड १ लाख आणि सिक्वेन्स स्वच्छ, असं दिसलं तर औषध शरीरात पोहोचत नाहीये, हाच सगळ्यात संभाव्य अर्थ.

अशा वेळी रुग्णाला बोल लावणं हा अन्याय आहे आणि निदान म्हणूनही अपुरं आहे. औषधाचा साठा संपला होता का, उलट्या होत होत्या का, डोलुटेग्राव्हिरसोबत उपाशीपोटी कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या चालू होत्या का, क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन सुरू असताना डोलुटेग्राव्हिरचा डोस दिवसातून दोनदा केला होता का, अटाझानाव्हिरसोबत ओमेप्राझोल दिलं जात होतं का, हे विचारा. डेटा गोळा करणं तुमच्या हातात असेल, तर औषध नेल्याच्या तारखा आणि सोबतची औषधं हे दोन स्तंभ मिळवा. आणखी शंभर जागांच्या सिक्वेन्सपेक्षा त्यांनी मॉडेल जास्त सुधारतं.

दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनांसाठी मात्र वेगळं मॉडेल लागेल, कारण तिथे रोजची गोळी चुकण्याचा प्रश्नच नाही आणि सिक्वेन्सचं वजन वाढतं. कॅबोटेग्राव्हिर-रिल्पिव्हिरिन जोडीत सुरुवातीलाच असलेली रिल्पिव्हिरिनची म्युटेशन्स, ए६ किंवा ए१ उपप्रकार आणि ३० किंवा त्याहून अधिक बीएमआय यांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या की अपयशाचा धोका ठळकपणे वाढतो. एकटी एक असेल तर फारसा नाही. तेव्हा उपप्रकार आणि वजन-उंची हे स्तंभ आधीपासून ठेवा. लेनाकापाव्हिर या इंजेक्शनासाठी कॅप्सिडचा (विषाणूच्या आतल्या कवचाचा) सिक्वेन्स लागतो. एम६६आय, क्यू६७एच, एन७४डी या जागा पाहायच्या. त्या प्रोटिएज आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच्या चाचणीत येत नाहीत, म्हणून प्लाझ्माचा उरलेला भाग उणे ८० अंशांवर जपून ठेवा आणि प्रयोगशाळेला तशी आगाऊ सूचना द्या.